चारशे प्रतींपुरता जिवंत

हामरवीक गावात माणसं एकसष्ट, मेंढ्या नऊशे आणि लेखक एक. पैकी मेंढ्यांबद्दल गावात कधी कुणाची तक्रार नव्हती.

लेखकाचं नाव रेगिन. वय अठ्ठावन्न, अंगकाठी किरकोळ, स्वेटर एकच, पण तो भावजयीने विणलेला असल्यामुळे मरेपर्यंत पुरेल असा. उत्तरेकडच्या या बेटांच्या फेरोई भाषेत लिहायचं म्हणजे वाचक आधीच मूठभर. त्यातले निम्मे बोटीवर, आणि किनाऱ्यावर उरलेल्यांतले निम्मे स्वतःच काहीतरी लिहीत बसलेले. पुस्तकाच्या चारशे प्रती खपल्या की प्रकाशक स्वतः फोन करून अभिनंदन करतो. रेगिनला या आकड्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्याचं दुखणं दुसरंच होतं. त्याचा सख्खा थोरला भाऊ तुमास अकरा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता, आणि त्याला कारण एक गाय होती.

झालं होतं असं. तुमासच्या लग्नाच्या दिवशी जेवणाच्या ऐन वेळी, सूप वाढून झालेलं असताना, कुणीतरी येऊन सांगितलं की त्याचा एडका कड्याच्या कपारीत अडकलाय. तुमास उठला, लग्नाच्या कोटावर दोर गुंडाळला आणि गेला. नवरी सुन्वा सूप गार होईपर्यंत थांबली, मग तिने स्वतःचं प्यायलं आणि त्याचंही प्यायलं. नवरदेव कॉफीच्या वेळी एडक्यासकट परत आला. गावाला हा किस्सा पाठ होता, दर लग्नात तो एकदा निघायचाच. रेगिनने सत्तेचाळिसाव्या वर्षी आपली पहिली कादंबरी लिहिली तेव्हा तो त्यात घातला. अर्थात तो काही बेअक्कल नव्हता. त्याने पुरेपूर काळजी घेतली. तुमासचे तांबडे केस काळे केले, गाव दुसऱ्या बेटावर नेलं, आणि एडक्याची गाय केली.

गावाने कादंबरी दोन दिवसांत वाचून काढली. तिसऱ्या दिवशी तुमास रेगिनच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"गाय?" तो म्हणाला.

"अरे, तो तू नाहीयेस. त्याचे केस काळे आहेत."

"एडका कड्यावर अडकतो. सगळ्यांचे अडकतात. गाय कड्यावर जाते कशी? म्हणजे लग्न सोडून मी गाय शोधायला कड्यावर गेलो? सगळी बेटं काय म्हणतील मला? ह्याला मेंढरू कळत नाही नि गायही कळत नाही!"

एवढं बोलून तो निघून गेला आणि तेच शेवटचं बोलणं ठरलं.

हामरवीकमध्ये कुणी कुणाचं दार वाजवत नाही. माणूस सरळ आत येतो, बूट काढतो किंवा काढत नाही, आणि किटलीत कॉफी आहे का ते स्वतः बघतो. दार वाजलंच तर घरातली माणसं घाबरतात, कारण दार वाजवणारा एकतर परका असतो नाहीतर वाईट बातमी घेऊन आलेला असतो. तुमास दिवसातून दोनदा असा शिरायचा. तो यायचा थांबला आणि रेगिनचं घर एकदम मोठं झालं. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. भाऊ हेच त्याचं माणूस होतं.

पण बापाने मागे ठेवलेल्या बेचाळीस मेंढ्या दोघांच्या सामायिक होत्या, आणि मेंढ्या काही वाटण्या करून चरत नाहीत. ऑक्टोबरात डोंगरावरून त्या खाली आणायच्या, कापायच्या, आणि फटींच्या भिंतींच्या कोठीत वाऱ्यावर टांगायच्या, ही कामं एकट्यादुकट्याची नव्हेत. तेव्हा तुमासने तोडगा काढला. तो कुत्र्यामार्फत बोलू लागला.

"स्नार, त्याला सांग, सुरी दे."

स्नार जागेवरून उठायचा, रेगिनसमोर येऊन बसायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघायचा. रेगिन सुरी द्यायचा.

"स्नार, त्याला सांग, ही नव्हे. धारेची."

"स्नार, त्याला सांग, धारेची त्याच्याच हातात आहे," रेगिन म्हणायचा.

स्नार परत जाऊन तुमाससमोर बसायचा. अशा सात शरदांतल्या सात कत्तली त्या कुत्र्याने निभावून नेल्या. त्याच्याआधीच्या चार त्याच्या आईने.

कादंबरी लिहिली की भाऊ जातो, हे रेगिनला कळून चुकलं. गावात एकसष्ट माणसं. पुढच्या कादंबरीत म्हातारी घातली तर चार म्हाताऱ्या रुसणार, म्हातारी घातली नाही तर चारही रुसणार. मग त्याला एक युक्ती सुचली आणि ती इतकी सरळ होती की आधी कशी सुचली नाही याचा त्याला रागच आला. आपण दुसऱ्यांची पुस्तकं भाषांतरित करावीत! दुसऱ्यांची, लांबची, उन्हातली.

पोर्तुगीज त्याला येत होती. बाविसाव्या वर्षी तो खारवलेल्या मासळीच्या बोटीवरून पोर्तुगालला गेला होता, आणि धक्क्यावर मासळीचं एक खोकं त्याच्या पायावर पडलं. बोट परतली, तो एका विधवा घरमालकिणीच्या वरच्या खोलीत सात महिने पाय टांगून पडून राहिला. खाली घरमालकीण आणि तिची बहीण दिवसभर भांडायच्या आणि संध्याकाळी एकत्र जपमाळ ओढायच्या. त्यामुळे रेगिनची पोर्तुगीज शिव्यांपासून सुरू होऊन प्रार्थनेपर्यंत पोचली, मधलं सगळं त्याने नंतर पुस्तकांतून भरून काढलं.

त्याने निवडलेल्या लेखिकेचं नाव होतं देओलिंदा. तिकडच्या एका कोरड्या, ऑलिव्हच्या झाडांच्या गावात राहणारी, गावाबद्दलच लिहिणारी म्हातारी. तिची पहिली कादंबरी फेरोईत आली नोव्हेंबरात. त्यात अल्बर्टिना नावाची एक दुकानदार विधवा आहे, ती पाहुण्याच्या ग्लासातली वाइन आधी स्वतः हुंगते, गुणगान करते आणि मग त्यातला घोटभर पिऊन टाकते. रेगिन दुसऱ्या दिवशी बटाटे आणायला हेरबोर्गच्या दुकानात गेला. गावात दुकान ते एकच. हेरबोर्गने पुस्तक काउंटरवर आपटलं.

"माझ्याबद्दल लिहिलंस."

"हेरबोर्ग, ही पोर्तुगालची बाई आहे. ती वाइन पिते."

"आणि मी रूबार्बच्या आंबट देठांचा रस हुंगते. वाइन काय, रूबार्ब काय! नवरा कसा मेला तिचा?"

"गाढवावरून पडून."

"माझा ट्रॅक्टरवरून. बघ!"

"अगं, पण हे देओलिंदाने लिहिलंय."

हेरबोर्गने पुस्तक पालथं करून मागच्या फोटोवर बोट ठेवलं. "ही? ही तर तुझी वारलेली आत्या आहे, चश्मा लावलेली. देओलिंदा म्हणे! असलं नाव असतं का कुणाचं?"

पुढची दोन वर्षं तिने त्याला कोंब आलेले बटाटे विकले. आणि गावाचं मत पक्कं झालं ते असं, की रेगिन भित्रा आहे, भावाचा मार चुकवायला तो आता बाईच्या नावाने लिहितो. पोर्तुगालचा पाद्री हा आपला पाद्री, ऑलिव्ह चोरणारा तो पलीकडच्या आळीतला मेंढी चोरणारा, आणि सतत दमेकरी खोकणारं गाढव म्हणजे गावची बस. रेगिन शपथा घेऊन दमला. दुसरं पुस्तक आलं, तिसरं आलं, आणि हळूहळू लोकांना ते आवडू लागलं. हेरबोर्ग तर पाहुण्यांना स्वतः होऊन सांगू लागली, "मीच ती अल्बर्टिना. तिसऱ्या भागात पुन्हा लग्न करते मी." बटाटेही सुधारले. नोव्हेंबर आला की गाव वाट बघायचं, यंदा कुणाकुणाची पाळी ते बघायला.

एक तुमास सोडून. तो दुकानातून पुस्तक विकत घ्यायचा आणि घरी न नेता कोठीत नेऊन वाचायचा, हे सुन्वा सांगायची. ती रोज रेगिनकडे डोकावायची, कॉफी प्यायची आणि बातम्या द्यायची. "टांगलेल्या तंगड्यांमध्ये खुर्ची टाकून बसतो तासन्‌तास. मी म्हटलं, घरात दिवा आहे, तिथं बस. तर म्हणतो, मटणावर लक्ष ठेवतोय. आणि रेगिन, ती औषधाची पार्सलं तरी किती मागवायची माणसाने! मेंढ्यांना जंत, मेंढ्यांना जंत. एकही मेंढी आजारी दिसत नाही मला."

"काळजी घेतो," रेगिन म्हणायचा. त्याला मेंढ्यांच्या जंतांशी घेणं नव्हतं. त्याला एवढंच विचारायचं असायचं, माझं नाव काढतो का, आणि ते तो कधी विचारत नसे.

त्याला आणखी एक गोष्ट लागली होती. स्नार त्याचं काही ऐकेनासा झाला होता. निरोप पोचवायला यायचा, पण डोंगरावर 'बस' म्हटलं तर बसायचा नाही, 'थांब' म्हटलं तर चालू पडायचा. कुत्र्यालासुद्धा फितवला, असं रेगिनला वाटलं आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

चौथं पुस्तक होतं 'कोरडी विहीर'. दोन भाऊ, मध्ये एक विहीर, आणि विहिरीवरून तुटलेलं बोलणं. थोरला आंसेल्मु, धाकटा काझिमिरु. शेवटच्या प्रकरणात आंसेल्मु ऑलिव्ह झोडायला शिडीवर चढतो, शिडी सरकते, तो पडून मरतो. धाकटा पुरून येतो आणि विहिरीच्या काठावर बसतो. संपलं. रेगिन हे पुस्तक निवडताना थोडा घुटमळला होता, पण क्रमाने पुढचं तेच होतं.

तो शेवटच्या प्रकरणापर्यंत आला त्या आठवड्यात तुमास मेंढी काढायला कड्यावर उतरला आणि दोर निसटून खालच्या कपारीत आपटला. तीन बरगड्या मोडल्या. रेगिनला हे कळलं दुकानात, रांगेत उभं असताना, पुढच्या माणसाकडून. तो घरी आला, टेबलाशी बसला, शिडी सरकते ते वाक्य समोर होतं. त्याने पेन उचललं आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. दोन दिवस शिडी तिथंच. त्याच्याने आंसेल्मुला पाडवेना. तिसऱ्या दिवशी त्याने आंसेल्मुला सावकाश, एकेक पायरी चाचपत, शिडीवरून खाली उतरवलं. उतरलेला माणूस नुसता उभा कसा राहील? मग आंसेल्मु घरी गेला, भट्टीतला ताजा पाव काढला, फडक्यात गुंडाळला, आणि धाकट्याच्या दाराशी जाऊन दार वाजवलं. "उघड रे. गार होतोय."

आठ पानं. सगळी रेगिनची. भाषांतरकाराने असलं करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून भिंत पाडण्यातला प्रकार आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने पुस्तक छापायला पाठवलं आणि नोव्हेंबरात स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसला. तुमासने पुस्तक घेतलं, कोठीत नेलं, वाचलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. दार उघडायची फक्त सुन्वा.

पुढे दोन पुस्तकं आली, दोन वर्षं गेली, आणि एका वसंतात राजधानीतल्या ग्रंथालयाने देओलिंदाला बोलावलं. तिने कळवलं, येते, पण माझ्या भाषांतरकाराचं गाव बघायचंय आणि तिथल्या वाचकांना भेटायचंय.

रेगिनला ती आठ पानं आठवली. त्याने लांबलचक पत्र लिहिलं. इकडे वारा फार, देओलिंदाबाई, गेल्या वर्षी एक कोंबडा उडून गेला तो अजून परत नाही. उत्तर आलं, कोंबडे मला आवडत नाहीत. त्याने लिहिलं, धुकं असतं, गाव दिसणारच नाही. उत्तर आलं, मला मोतीबिंदू आहे, तसंही काही दिसत नाही.

ती आली. एकोणऐंशी वर्षांची, चार फूट दहा इंच, एकावर एक दोन टोप्या घालून. बसमधून उतरताच वाऱ्याने वरची टोपी नेली, म्हणून तर दोन घातल्या होत्या, असं ती म्हणाली. बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात सगळं गाव जमलं होतं. देओलिंदा खरीच आहे हे बघून लोक तिच्याकडे टकमक बघत होते. हेरबोर्गने तिचा हात हातात घेऊन दाबून पाहिला. टेबलावर अकरा प्रकारचे केक होते, कारण प्रत्येक घराने दुसरं घर आणणार नाही असं धरून आणला होता. तुमास शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून. स्नार दाराशी.

दोन्ही भाषा येणारा माणूस एकच, त्यामुळे दुभाषाही तोच. रेगिनने रात्रभर विचार करून ठरवलं होतं की काहीही झालं तरी 'कोरडी विहीर'कडे बोलणं जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी खोटं बोलावं लागलं तर दोन्ही भाषांत बोलायचं.

"तिला विचार," हेरबोर्ग उठून म्हणाली. ती रविवारचा पोशाख घालून, गळ्यात चांदीची साखळी घालून आली होती. "माझं पुन्हा लग्न लावलंस ते ठीक, पण न्हाव्याशी का?"

रेगिन देओलिंदाकडे वळला. "या बाईंना तुमची अल्बर्टिना फार आवडते."

"अल्बर्टिना?" देओलिंदा म्हणाली. "माझी मावशी ती. सटवी होती. कोंबड्या चोरायची आणि मिशाही होत्या तिला."

"काय म्हणते?" हेरबोर्गचा जीव टांगणीला.

"म्हणते, अल्बर्टिना मी एका अतिशय प्रेमळ स्त्रीवरून घेतली. आणि आज तुला बघून तिची आठवण झाली."

हेरबोर्गने डोळे पुसले. पाद्र्याने विचारलं, आमच्या प्रार्थनागृहाचं छप्पर गळतं हे तिला कसं कळलं. रेगिनने पोर्तुगीजमध्ये विचारलं, प्रवास कसा झाला. देओलिंदा म्हणाली, वाईट, एक मेंढी बससमोर अर्धा तास उभी होती. रेगिनने पाद्र्याला सांगितलं, म्हणते, सगळ्याच देवळांची छपरं गळतात, देव मोठा आहे. पाद्री खूश झाला. असं अर्धा तास चाललं आणि रेगिनला वाटू लागलं की आपण सुटलो.

तेवढ्यात स्नार उठला आणि केकच्या टेबलाकडे निघाला.

"स्नार, बस!" रेगिन ओरडला. स्नारने मानसुद्धा वळवली नाही. "बस म्हणतो ना!" कुत्र्याने पुढचे दोन्ही पाय टेबलावर ठेवले आणि रूबार्बच्या केकला नाक लावलं. हेरबोर्ग किंचाळली, केक तिचा होता.

देओलिंदा वळली आणि आपल्या गावच्या कुत्र्याला म्हणावं तसं पोर्तुगीजमध्ये म्हणाली, "बस."

स्नार खाली बसला.

"आडवा हो," देओलिंदा म्हणाली. स्नार आडवा झाला आणि शेपटी हलवू लागला. "शहाणं कुत्रं आहे," ती रेगिनला म्हणाली.

रेगिनचा मेंदू सावकाश चालू लागला. औषधाची पार्सलं. कोठीतली खुर्ची. डोंगरावर बहिरा झालेला कुत्रा. त्याने मान वर केली आणि शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तुमासचे कान त्याच्या केसांइतकेच तांबडे झाले होते. म्हणजे अर्धा तास चाललेलं प्रत्येक खोटं त्या माणसाला दोन्हीकडून ऐकू आलं होतं.

तुमास उठला. हातात टोपी पिळत त्याने शाळेतल्या पोरासारखी सुरुवात केली, आणि त्याच्या तोंडून जी पोर्तुगीज बाहेर पडली ती इतकी जुनाट, इतकी पुस्तकी होती की देओलिंदा खुर्चीत सावरून बसली.

"सन्माननीय बाई. मी तुमची सहाही पुस्तकं मुळातून वाचली. शब्दकोश घेऊन. पहिल्याला तीन वर्षं लागली. मला एवढंच विचारायचं आहे, 'कोरडी विहीर'मधला थोरला भाऊ शेवटी मरतो की नाही? माझ्या वाचण्याप्रमाणे तो मरतो. पण मी अडाणी माणूस. दोन वर्षं मी समजतोय, माझीच पोर्तुगीज कच्ची असणार."

"मरतो," देओलिंदा म्हणाली. "शिडीवरून पडून. का?"

"काय म्हणतायत?" सगळा वर्ग ओरडला. "रेगिन, सांग की!"

रेगिनने दाराकडे पाहिलं. पण दुभाषा तो दुभाषा. "तुमास विचारतोय, आंसेल्मु मरतो का. आणि ती म्हणते, मरतो."

"मरतो? खुळी का काय!" हेरबोर्ग उभी राहिली. "पाव घेऊन जातो तो! मी तीनदा वाचलंय, तिन्ही वेळा रडले!" पाद्रीही उठला, त्याने त्या पावावर प्रवचन दिलं होतं. बघता बघता सगळं गाव त्या चार फूट दहा इंचांच्या बाईला फेरोईत समजावू लागलं की तुझा माणूस जिवंत आहे. सुन्वाने तर हातांनी पाव करून दाखवला.

"ही माणसं काय म्हणतायत?" देओलिंदाने विचारलं. उत्तर तुमासने दिलं.

"म्हणतात, तो मेला नाही."

"मी स्वतः मारलाय त्याला!"

"इकडे उतरला तो," तुमास म्हणाला. "आठ पानं जास्त आहेत इकडे."

आता देओलिंदा रेगिनकडे वळली. तिला काय करता येईल हे रेगिनला ठाऊक होतं. एक पत्र लिहिलं की त्याच्या हातून तिची पुस्तकं गेली असती, आणि पुन्हा कुणी दुसऱ्याचं पुस्तक त्याला दिलं नसतं. "वाचा," ती म्हणाली. पण रेगिन नुसता टेबलावरचे केक मोजत राहिला. तेव्हा तुमासने खिशातून, हो, कोटाच्या खिशातून, मटणाचा वास मारणारी 'कोरडी विहीर' काढली आणि भावाची आठ पानं फेरोईतून पोर्तुगीजमध्ये, अडखळत, एकेक पायरी चाचपत उलटी आणली. पाऊण तास लागला. कॉफी दोनदा फिरली. गावाला एक शब्द कळत नव्हता, पण कुठली पायरी चाललीय ते बरोबर कळत होतं, आणि दार वाजलं तिथे हेरबोर्ग चौथ्यांदा रडली.

देओलिंदाने कॉफीचा कप खाली ठेवला.

"तो माझा भाऊ नव्हता, बहीण होती," ती म्हणाली. "चौदा वर्षं बोललो नाही आम्ही. विहीर खरी आहे, शिडीही खरी आहे." मग तिने नाक शिंकरलं. "किती प्रती छापता तुम्ही?"

"चारशे," रेगिन म्हणाला.

"मग चारशे प्रतींपुरता राहू दे जिवंत. कुठल्या तरी भाषेत ती खाली उतरली, हे मला बरंय. पण माझ्या प्रकाशकाला सांगू नका, तो माणूस रडका आहे."

तुमासने हे फेरोईत सांगितलं आणि गावाने टाळ्या वाजवल्या. मग तो भावाकडे वळला. मध्ये कुत्रा नव्हता. स्नार केकच्या टेबलाखाली आडवा होता.

"तू उतरवलंस त्याला?"

"हो."

"का?"

"तू पडला होतास ना," रेगिन म्हणाला. "मला दुकानात कळलं. रांगेत." आणि सगळ्या गावासमोर त्याला रडू आलं.

तुमासने टोपी डोक्यावर घातली, काढली. "पाव कशाला पण?" तो शेवटी कुरकुरला. "अकरा वर्षांनी माणूस जाईल तो पाव घेऊन? आणि दार वाजवलं त्याने. भावाचं दार! बाईने लिहिलं असतं तर समजलो असतो, परकी आहे. तू लिहिलंस ते. तुला गाय कळत नाही नि दारही कळत नाही." आणि तो बाहेर पडला. सुन्वाने रेगिनला डोळ्यांनीच खूण केली, गप्प बस म्हणून, आणि त्याच्यामागोमाग गेली.

देओलिंदा सकाळच्या बसने गेली, हेरबोर्गने तिला तीन किलो बटाटे बांधून दिले होते, एकालाही कोंब नव्हता. बस वळणाआड गेल्यावर रेगिन घरी आला, कॉफी ठेवली आणि सातवं पुस्तक उघडलं. त्याचं पहिल्या वाक्यातच लक्ष लागेना. तो उगाच कप विसळत उभा राहिला.

मागे दार उघडलं. वाजलं नाही.

तुमास बुटांसकट आत आला. काखेत वर्षभर वाऱ्यावर सुकलेली मेंढीची तंगडी होती. ती त्याने टेबलावर, सातव्या पुस्तकाच्या पानांवर ठेवली, किटली हलवून कॉफी आहे का ते पाहिलं, खुर्ची ओढली आणि हात पुढे केला.

"सुरी दे."

कोपऱ्यातून स्नार सवयीने उठला, रेगिनसमोर येऊन बसला आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागला.

"आडवा हो, बाबा," रेगिन त्याला पोर्तुगीजमध्ये म्हणाला. "ऐकलं मी."